रामलिंग फाट्यावर का उतरला

हणमंतराव माणूस चांगला, पण त्यांच्यासमोर कथेतल्या पात्रानंसुद्धा जपून राहावं. उभी हयात त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन 'अर्धंच लागतं याला' म्हणणाऱ्या आया, तिकिटाच्या वेळी नेमके घोरायला लागणारे तरणे गडी, दुसऱ्याचा पास खिशात घालून फिरणारे, सगळे त्यांनी पकडले. निवृत्तीनंतर गाडी सुटली, सवय काही सुटली नाही. आता ते गोष्टींतली माणसं पकडतात.

मी मुनीब. कंधारच्या बसस्टँडमागं आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. रविवारी सकाळी दुकान बायकोवर सोपवून मी वाचनालयात जातो. आम्ही सात-आठ जण तिथं जमतो, घरून एखादी कथा वाचून येतो आणि तिच्यावर बोलतो. ही टूम बुद्धप्रियाची. वाचनालय तीच सांभाळते. एम.ए. झालेली पोरगी, आवाज हळू, पण हट्टी एक नंबरची. तिचा नियम एकच. जे बोलाल ते कथेत दाखवता आलं पाहिजे.

हणमंतराव आमच्यातले सगळ्यात जोरदार वक्ते. खोटं कशाला सांगू, आम्ही अर्धे जण त्यांनाच ऐकायला यायचो. नवऱ्याला सोडून गेलेली कथेतली बाई असो की धंदा बुडवून पळालेला भाऊ असो, हणमंतराव पुस्तकावर बोट आपटून म्हणायचे, "ह्यो बेरकी हाय. ह्याच्या डोळ्यातच दिसून राहिलंय." डोळ्यात काय दिसतं ते लेखकालाही ठाऊक नसेल, पण आम्ही हसायचो आणि माना डोलवायचो. मी तर मुद्दाम काडी लावायचो. त्यांच्या बायकोला, सिंधुवहिनींना, हे आवडत नसे. त्याही यायच्या, भिंतीकडेला बसायच्या, सहसा बोलायच्या नाहीत.

त्या हिवाळ्यात त्यांच्या घरात एक तिढा पडला होता आणि तो साऱ्या गल्लीला माहीत होता. मुलगी तनुजा हिचं लग्न माघात ठरलं होतं. चुडा माझ्याच दुकानातून जायचा होता. तनुजा बांगड्यांचं माप द्यायला आली तेव्हा तिचं लक्ष बांगड्यांत नव्हतं. म्हणाली, "चाचा, तुम्ही तरी अण्णांना सांगा. काका आल्याशिवाय मला मांडवात उभं राहू वाटत न्हाई." काका म्हणजे हणमंतरावांचा धाकटा भाऊ साहेबराव. लातूरपलीकडं मुरुडला असतो. त्या दोघांत बोलणं नव्हतं, कारण आई गावाकडं वारली तेव्हा साहेबराव मातीला आला नव्हता. आमच्याकडं माणूस आयुष्यभर भांडला तरी चालतं, पण मातीला आला नाही तर त्याचं नाव टाकलं जातं. आणि भावाला लग्नाचं बोलावणं फोनवर होत नाही, घरच्या माणसानं पत्रिका घेऊन त्याच्या दारात जावं लागतं. हणमंतराव जायला तयार नव्हते. "जो मायला खांदा द्यायला आला न्हाई, तो माझ्या पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकणार व्हय?" एवढंच त्यांचं म्हणणं.

अशात बुद्धप्रियानं एका दिवाळी अंकातली कथा निवडली. तिला बिचारीला यातलं काही माहीत नव्हतं. ती मूळची देगलूरची, इथल्या भाऊबंदक्या तिला कोण सांगणार?

कथा लहानशी होती. रामलिंग नावाचा एक माणूस. त्याचा थोरला भाऊ गेल्याचा निरोप येतो. तो कपडे बदलून निघतो, गाडी धरतो, खिडकीशी बसतो. गाव यायच्या आधी एक फाटा लागतो, तिथंच तो उतरतो. तोंडावर रुमाल धरून उतरतो आणि बाभळीखाली दिवस मावळेपर्यंत बसून राहतो. मग परतीच्या गाडीनं घरी येतो, दारातच अंगावर पाणी घेतो आणि बायकोला सांगतो, "झाली माती." कथा इथं संपते. तो का उतरला हे लेखकानं कुठंच लिहिलेलं नाही. त्यावरच आम्ही बोलायचं होतं.

निवृत्त हेडमास्तर म्हणाले, शेताचा वाद असणार. त्यांना प्रत्येक कथेत शेताचा वाद दिसतो. बुद्धप्रिया म्हणाली, कथेत शेताचा एक शब्द नाही, आपण उतरण्याबद्दल बोलू. सिंधुवहिनी पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. म्हणाल्या, "त्याला भ्या वाटलं असंल. लोकं काय म्हणतील याचं." मला ते पटलं होतं. पण मी काय केलं, तर हणमंतरावांकडं बघून म्हणालो, "आता ऐका कंडक्टरसाहेबांचं!" मला मजा हवी होती.

हणमंतराव उभे राहिले. एरवी ते बसूनच बोलायचे.

"भ्या बिया काही न्हाई," ते म्हणाले. "असली माणसं म्या जन्मभर गाडीत बघितली. ह्याला जायचंच नव्हतं. लोकांना दाखवायला गाडीत बसला. भाऊ मेला काय, माय मेली काय, ह्याला काय सोयरसुतक न्हाई. उतरून हसला बेशरम. गाडी गेल्यावर गालातल्या गालात हसला. लिहिलंय ना तसं, वाचा की!"

 हसल्याचं मला आठवत नव्हतं, पण मला वाटलं माझ्याच नजरेतून सुटलं असेल. बुद्धप्रिया अंक चाळत म्हणाली, "काका, कुठल्या पानावर आहे?"

"हाय. उतरल्याच्या पानावर हाय."

तिनं ते पान मोठ्यानं वाचलं. रुमाल होता, बाभूळ होती, हसणं नव्हतं. हेडमास्तरांनी आपल्या प्रतीत बघितलं. मी माझ्या प्रतीत बघितलं. नव्हतंच.

"तुमच्या अंकात छापायचं राहिलं असंल," हणमंतराव म्हणाले. आमच्या सगळ्यांच्या प्रती एकाच दुकानातून आलेल्या. कुणीतरी फिसकन हसलं. त्यांचे कान लाल झाले आणि ते पोरीवर घसरले. "चार बुकं शिकली म्हणून मला शिकवू नको. तुझ्या वयाइतकी माझी नोकरी झाली. माणूस मला कळतो!"

बुद्धप्रियाचे डोळे भरून आले, पण तिनं अंक मिटला नाही. म्हणाली, "माणूस कळत असेल काका. पण तो हसला नाही."

तेव्हा सिंधुवहिनी भिंतीकडून म्हणाल्या, "अहो, पुरं करा. ह्ये रामलिंगाचं न्हाई. तुम्ही भावजींचं बोलून राहिलात."

  हणमंतरावांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा हातातल्या अंकाकडं. ते पान त्यांनी पुन्हा वाचलं, ओठ हलवत, शाळेतल्या पोरासारखं. मग अंक टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. हेडमास्तरांची चप्पल घालून गेले. एरवी या गोष्टीवर आम्ही महिनाभर हसलो असतो. त्या दिवशी हेडमास्तर त्यांची चप्पल पायात अडकवून मुकाट्यानं घरी गेले आणि मला काडी लावल्याची लाज वाटली.

त्यानंतर हणमंतराव दिसेनात. सकाळी स्टँडवर पेपर वाचायला यायचे, ते बंद झालं. माझ्या दुकानावरून जायचं टाळून मागच्या बोळानं जाताना मी त्यांना दोनदा बघितलं. शेवटी चुड्याचा डबा दाखवायचं निमित्त काढून मीच घरी गेलो.

ते ओसरीत बसले होते, दाढी वाढलेली. मी म्हणालो, "अहो, पान चुकलं तर काय झालं? हेडमास्तर तर दर आठवड्याला चुकतात."

"पान चुकलं न्हाई, मुनीबभाई," ते म्हणाले. "मला ते हसू दिसून राहिलं होतं. तुम्ही आत्ता दिसताय तसं. म्या वाचलं होतं ते. आणि ते तिथं नव्हतं." पुढं म्हणाले, "मंग मला वाटलं, साहेबरावाचं हसू तरी मला कुठं दिसलं? इतकी वर्षं म्या सगळ्यांना सांगून राहिलो, मायच्या मातीच्या दिवशी तो घरी हसत बसला असंल. कुणी बघितलं? कुणीच न्हाई. मला तोंड दाखवायची लाज वाटती. त्या पोरीच्या अंगावर धावून गेलो ती येगळीच."

सिंधुवहिनी चहा घेऊन आल्या. कप ठेवून त्या आत गेल्या नाहीत. "सगळं सांगा की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फोनचं सांगा."

हणमंतरावांनी कप उचलून तोंडाला लावला. तेव्हा वहिनींनीच सांगितलं, "मुनीबभाई, माय गेली त्या दिवशी भावजींचा फोन आलता. म्हणले, दादा, अहमदपूर सोडलं, माती थांबवा. गावातली लोकं बी म्हणली, थांबू, पोटचं लेकरू हाय. ह्यांनी थांबवली न्हाई."

हे आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबराव आला नाही एवढंच गल्लीला माहीत होतं. अहमदपूर सोडलं म्हणजे माणूस दारात आल्यासारखाच.

हणमंतराव खाली बघत म्हणाले, "गाडीत रोज ऐकायचो ना. लातूरच्या स्टँडात बसलेला माणूस फोनवर सांगतो, अहमदपूर सोडलं. घरात पांघरूण घेऊन पडलेला सांगतो, वाटेवर हाय. हजार लोकं तसं बोलताना म्या ऐकलेत. मला वाटलं, ह्यो बी त्यातलाच. म्या लोकांना म्हणलं, तो निघालाच न्हाई अजून, उचला. आणि पुढचे फोन घेतलेच न्हाई."

मी कप खाली ठेवला. मला राग आला आणि तो बोलूनही दाखवला. "आणि वर तुम्हीच रुसून बसलात?" मी म्हणालो. माझ्या तोंडून हे जरा जोरातच गेलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. "हाव," म्हणाले, "रुसून बसणं सोपं पडलं." वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पत्रिका पिशवीत घालून ते माझ्या दुकानापुढं उभे राहिले. दाढी केलेली होती. म्हणाले, "मुरुडला चला माझ्यासंगं. एकटा गेलो तर मधीच कुठंतरी उतरंन." विनोद म्हणून म्हणाले नव्हते.

आधी वाचनालयात गेलो. हणमंतरावांनी बुद्धप्रियासमोर हात जोडले, तिनं घाईघाईनं ते खाली केले आणि दोघंही कपाटाकडं बघत राहिले. मग आम्ही लातूरची गाडी धरली. एरवी हणमंतराव प्रवासात नव्या कंडक्टरला दहा सूचना करतात. त्या दिवशी तिकीट घेऊन मुठीत धरून बसले. अहमदपूर आलं तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं नाही. लातूरला गाडी बदलली, बार्शीकडं जाणारी मिळाली, आणि दुपार कलता कलता मुरुडला उतरलो.

साहेबरावचं पंक्चरचं दुकान रस्त्यालाच होतं. एक टपरी, पुढं टायरांची चळत, पाण्याचं घमेलं. साहेबराव उकिडवा बसून ट्यूब पाण्यात बुडवून बघत होता. भावासारखाच चेहरा, फक्त उन्हानं रापलेला. त्यानं वर बघितलं, ओळखलं, उठला आणि ओले हात पँटला पुसून भावाच्या पाया पडला. हणमंतराव मागं सरकले. त्यांना पाया पडून घेववेना.

"बसा दादा," तो म्हणाला. मला म्हणाला, "बसा भाई." स्टूल एकच होतं, ते मी हणमंतरावांना दिलं. साहेबराव पुन्हा खाली बसला आणि तीच ट्यूब हातात घेतली. कामात हात असले की बोलणं टाळता येतं, हे मला माझ्या दुकानावरून ठाऊक आहे.

हणमंतरावांनी पत्रिका काढली नाही. पिशवी मांडीवर दाबून म्हणाले, "एक इचारायला आलो. माय गेली त्या दिवशी तू खरंच निघालतास का रं?"

"निघालतो म्हंजे?" साहेबराव म्हणाला. "आलतो की."

"कुठवर?"

"गावापोतर." त्यानं ट्यूब दाबली, बुडबुडे आले, त्यानं बोट तिथं धरून ठेवलं. "फाट्यावर उतरलो. गाडी न्हाई भेटली मंग पळतच निघालो. वढ्याच्या अलीकडं लोकं परत येताना दिसली. डोकी वली सगळ्यांची. तवाच कळलं की उरकलं. तुम्ही पुढं हुता. दोन्हीकडं तुरी हुत्या, डोक्यायवढ्या. म्या तुरीत घुसलो."

"कामून?" हणमंतरावांनी विचारलं. "समोर कामून आला न्हाईस?"

"यायलोच हुतो. तुम्ही बोलत येत हुता ते ऐकलं." साहेबराव आता भावाकडं न बघता माझ्याकडं बघून बोलायला लागला, कारण ते सोपं होतं. "म्हणत हुते, त्याची वाट बघितली असती तर माय सडली असती. लोकं मान हलवून राहिली हुती. मला लई लाज वाटली भाई. वाटलं, आता समोर गेलो तर म्हणतील, हे बघा, जेवायच्या टायमाला आला. लोकं जाईपोतर तुरीत उभा राहिलो. मंग मागच्या मागं फाट्यावर गेलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, माती भेटली. तिला आजून बी तसंच माहीत हाय. आत हाय ती, बोलू नका."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी रस्त्याकडं तोंड केलं. एक माणूस मोटारसायकल ढकलत आणत होता, त्याला मीच हातानं थांबायला सांगितलं. रविवारी वाचनालयात एका माणसाच्या उतरण्यावर आम्ही चहा पीत पीत किती मतं दिली होती! प्रत्येकाचं मत ठाम. मला माझीच शरम वाटली आणि तिथून उठून जावंसं वाटलं.

हणमंतराव स्टुलावरून उतरून खाली, भावाच्या शेजारी मातीत बसले. पांढरं धोतर होतं, ग्रीसचे डाग पडलेली जमीन होती. म्हणाले, "साहेबराव, चूक माझी हाय. म्या थांबायला पाहिजे हुतं. चार लोकांत म्हणायला लाव, म्या म्हणतो. लग्नात सगळ्या भाऊबंदांपुढं म्हणतो."

"कशाला आता लोकांपुढं," साहेबराव म्हणाला. "माझ्या बायकोला कळंल मंग."

त्यानं पत्रिका मागून घेतली, बोटाचा डाग पडू नये म्हणून कडेनं धरून वाचली आणि तनुजाच्या नावाशी थांबून हसला. "लई मोठी झाली. येतो की. आदल्या दिवशीच येतो." आतल्या बाईला हाक मारून त्यानं चहा टाकायला सांगितला. मला हायसं वाटलं. मनात म्हटलं, चला, चुडा कामी आला, तनुजाला आजच फोन करून सांगू.

साहेबरावनं ट्यूब पुसली, कानशीनं घासली, सोल्युशन लावलं. ते सुकेपर्यंत हात मोकळे होते. तेव्हा त्यानं पहिल्यांदा सरळ भावाकडं बघितलं.

"दादा, एक इचारू? इतकी वर्षं इचारायचं हुतं, पण कुणाला इचारू? तुम्ही हुता तिथं म्हणून." त्यानं सोल्युशनची डबी बंद केली. "मायचं तोंड कसं दिसत हुतं? शेवटी झाकायच्या आधी?"

हणमंतरावांनी तोंड उघडलं. मला वाटलं काहीतरी सांगतील. शांत होती म्हणतील, झोपल्यासारखी होती म्हणतील. सगळे तसंच सांगतात आणि ऐकणाऱ्याला ते पुरतं. एवढं खोटं कुणीही माफ करतं. आत कपबशांचा आवाज झाला, साहेबरावची बायको चहा घेऊन दारात आली आणि आमचे चेहरे बघून तिथंच उभी राहिली.

"न्हाई बघितलं रं," हणमंतराव म्हणाले. "म्या घड्याळाकडं बघत हुतो."